फक्त नर पाठवावेत

दि. ३ फेब्रुवारी

माननीय संशोधक महोदय,

सप्रेम नमस्कार. (‘सप्रेम’ हा शब्द केंद्राच्या छापील नमुन्यात आहे. माझा नव्हे.)

पत्रास कारण की, सहा वर्षांपूर्वी आपण एका बरणीतले पिठातले किडे निम्मेनिम्मे वाटून घेतले होते, हे आपल्या स्मरणात असेलच. कुकर आपण नेलात, सोफा माझ्याकडे राहिला आणि किडे दोघांचे. बदलत्या हवामानाशी जीव किती झपाट्याने जुळवून घेतात, हा आपल्या दोघांचा अभ्यास, आणि तो करण्याची पद्धत हे आपल्या दोघांचं भांडण. माझ्या वाट्याच्या किड्यांना मी तीस अंशांतून एकदम अडतीस अंशांत टाकलं. बहुतेक मेले, उरले त्यांच्यापासून दणकट वंश उभा राहिला. आपण आपल्या किड्यांना अर्धा अर्धा अंश चढवत, मध्ये विसावा देत, गोंजारत अडतीसपर्यंत नेलंत. कुणाची पद्धत बरोबर, यावर इथे चर्चा करत नाही. माझीच बरोबर होती.

किड्यांची एक पिढी साधारण महिन्याची. म्हणजे आपापल्या बरण्यांत त्यांच्या सत्तरेक पिढ्या उलटल्या. आता आपले आणि आमचे किडे एकत्र आणले तर ते एकमेकांना आपलं मानतील का? त्यांची जोडी जमेल का, आणि जमलीच तर पिल्लावळ धड निपजेल का? शास्त्राच्या दृष्टीने हा अत्यंत महत्त्वाचा प्रश्न आहे. फक्त शास्त्राच्या दृष्टीने.

तरी तुलनेसाठी आपल्या वंशातले किडे लवकरात लवकर पाठवावेत ही विनंती. फक्त नर पाठवावेत. माद्या आमच्याकडे आहेत.

नमुन्याची मागणी सही केलेल्या कागदावरच करायची असा केंद्राचा नियम आहे, म्हणून हा पत्रप्रपंच. एरवी ईमेल केला असता. पण गेल्या वर्षी आईंच्या मोतीबिंदूबद्दल मी दोन पानी ईमेल लिहिला, त्यावर आपलं उत्तर ‘ठीक’ असं आलं. दोन पानांना दोन अक्षरं! त्यापेक्षा कागद बरा, निदान फाडता तरी येतो.

आपल्या मातोश्री खालच्या मजल्यावर सुखरूप आहेत. एक डोळा झाला, दुसरा करायला तयार नाहीत. “एकाने पुरेसं दिसतं. सगळंच स्वच्छ दिसायला लागलं तर जगणं मुश्किल होईल,” म्हणतात. आपल्याकडे राहायला याव्यात म्हणून आपण दर वर्षी आग्रह करता, तोही मी त्यांच्या कानावर घातला. त्यांचं उत्तर जसंच्या तसं देते: “वेगळे तुम्ही दोघं झालात, मी कुठे झाले?”

कळावे.

आपली विश्वासू,
वरिष्ठ संशोधक, अनुकूलन विभाग

ता. क. बरणीला झाकण लावू नये, फडकं बांधावं. घट्ट झाकणाखाली आपण एकदा एक अख्खी पिढी गुदमरवली होतीत. मी काही विसरलेले नाही.



दि. १९ फेब्रुवारी

अरे अर्धाअंश,

बघ, छापील कागद संपले आणि तुझं जुनं नाव आपसूक लेखणीतून उतरलं. कॉलेजात मोठ्या सरांनी ठेवलेली नावं पक्की बसतात. मी ‘तोफ’ आणि तू ‘अर्धाअंश’. परवा केंद्रातली एक नवी मुलगी मला म्हणाली, “मॅडम, तुम्हालाच तोफ म्हणायचे का?” मी तिच्यावर असं काही खेकसले, की तिला उत्तर मिळालं.

तुझं कार्ड पोचलं. सगळा मिळून मजकूर: ‘नर मिळतील. फक्त नर का?’ पुढे सही. हवापाणी नाही, तू कसा आहेस नाही, मी कशी आहे याची तर चौकशीच नाही. थेट दुखऱ्या जागी बोट! सहा वर्षांत तुझं बोलणं वाढलं नाही, पण नेमकं कुठे टोचायचं हे अजून बरोबर कळतं.

तर, फक्त नर का.

आधी इकडचं सांगते. थंडी यंदा फार आहे. प्रयोगशाळेत आम्ही स्वेटर घालून बसतो आणि किडे मात्र अडतीस अंशांत मजेत. जिन्यातला दिवा पुन्हा गेला. आईंचा गुडघा बरा आहे. आमच्या संचालकांना अचानक खुर्च्यांचा साक्षात्कार झालाय. सभागृहाच्या जादा खुर्च्या ठेवायला त्यांना जागा हवी आहे आणि माझी खोली डोळ्यांत भरली आहे. “एप्रिलअखेर आढावा घेऊ. काम चालू दिसलं तर खोली तुमचीच,” म्हणाले. ‘दिसलं तर’ या शब्दांवर त्यांनी चांगलाच जोर दिला.

तर, नर.

आमच्या गरम कपाटात मध्यंतरी किरकोळ बिघाड झाला. रविवारी झाला, म्हणून लक्षात यायला वेळ लागला. यंत्रं काय, बिघडायचीच. मी दुरुस्तीवाल्याला बोलावून चांगलं फैलावर घेतलं. त्याने शांतपणे कपाटाचा मागचा पत्रा काढला, तारा तपासल्या, पत्रा परत बसवला. म्हणाला, “बाई, कपाट ठणठणीत आहे.” मी म्हटलं, “मग आतलं तापमान पन्नाशीच्या वर गेलं कसं?” तर म्हणे, “ते मला नाही, तुम्हाला माहीत असणार.” असा राग आला म्हणून सांगू! मग मी वीजपुरवठ्याला बोल लावले. मग साफसफाईवाल्या मावशींना. त्या त्या आठवड्यात रजेवर होत्या असं निघालं, तेव्हा बोल लावायला कुणीच उरलं नाही.

हे वाचून तुझी उजवी भुवई वर गेली असणार. ती खाली घे. सांगते आहे ना.

आई तुझ्याशी फोनवर पचकल्या आहेत, हेही मला ठाऊक आहे. मी त्यांना बजावलं होतं, की किड्यांबद्दल चकार शब्द काढायचा नाही. संध्याकाळी मलाच म्हणाल्या, “मी काहीच बोलले नाही हो. तो म्हणाला ती कशी आहे, मी म्हटलं तिचे किडे मेले.” ही त्यांची गुप्तता! पण मग सगळं माहीत असून तू साळसूदपणे ‘फक्त नर का’ विचारलंस? माझ्याच तोंडून ऐकायचं होतं? घे तर मग.

शनिवारी मी कपाट पुसायला काढलं. आत तापमान मोजणारी ती वायर असते, तिचं टोक ओलं होऊ नये म्हणून बाहेर काढलं आणि भिंतीवरच्या खिळ्याला लटकवलं. कपाट पुसलं. बरण्या ओळीने लावल्या. दार लावलं. स्वेटर चढवून घरी गेले. टोक खिळ्यालाच राहिलं. बाहेर थंडी. कपाटाला वाटलं आत थंडी आहे, म्हणून ते बिचारं तापवत बसलं. तापवतंय आणि वायरकडे बघतंय, तरी थंडच. पुन्हा तापवतंय. रविवारभर. सोमवारी दार उघडलं तेव्हा भाजक्या पिठाचा वास आला आणि मला कळून चुकलं.

सगळे गेले रे. एकूण एक बरणी. चाळणीत ओतून कितीतरी वेळ बघत बसले, एखादा तरी पाय हलवेल म्हणून. एकानेही हलवला नाही.

वाचल्या त्या माझ्या टेबलावरच्या छोट्या पेटीतल्या. एका प्रयोगासाठी मी कोष असतानाच भिंगाखाली नर-मादी निवडून माद्या वेगळ्या ठेवल्या होत्या. मूठभरही नाहीत. सगळ्या धडधाकट, सगळ्या कुमारिका, आणि त्यांना नराचं तोंडही ठाऊक नाही. नर मिळाले नाहीत तर त्या काही महिन्यांत म्हाताऱ्या होतील, आणि सत्तर पिढ्यांचा माझा वंश कुणाचा संसार न बघता संपेल. त्यांच्या जागी खुर्च्या येतील. आता कळलं, फक्त नर का?

झालं समाधान? लिहून टाक एकदा. ‘एकदम तापवणाऱ्यांचं असंच होतं’, ‘मी तेव्हाच म्हणत होतो’, जे काय असेल ते. एका कार्डात मावेल. तुझं सगळंच एका कार्डात मावतं.

नर मात्र पाठव.

तोफ

ता. क. वर ‘ती कशी आहे’ असं तू आईंना विचारलंस, हे मी दोनदा वाचून पाहिलं. म्हणजे मीच लिहिलेलं मीच वाचलं. असो.



दि. ८ मार्च

प्रिय अर्धाअंश,

पार्सल मिळालं. पुढचं बसून वाच.

पहिली गोष्ट, मागणीच्या कागदावर केंद्राचा पत्ता ठसठशीत छापलेला असताना तू पार्सल घरी पाठवलंस. आपल्या घरी. पिनकोडसकट सगळं बरोबर, वर ‘जिन्याजवळचं दार’ हेही लिहिलंयस. मी विचारात पडले, की या माणसाला स्वतःचा फोन नंबर आठवत नाही आणि हे कसं पाठ?

दुसरी गोष्ट, मी केंद्रात होते, त्यामुळे ते आईंनी घेतलं. खोक्यावर मुलाचं अक्षर बघून त्यांना वाटलं, आपल्यालाच आहे. उघडलं तर वर गुडघ्याचा पट्टा. झालं, खात्री पटली. पट्ट्याखाली फडकं बांधलेली पिठाची बरणी. उजेडात धरून एका डोळ्याने पाहिली तर पिठात काहीतरी वळवळतंय.

मी संध्याकाळी घरात पाऊल टाकते तो काय, गॅलरीत ताटभर पीठ पसरलेलं आणि आई शेजारी स्टुलावर चाळणी घेऊन बसलेल्या. मला बघून म्हणाल्या, “बघ हो, माझ्या लेकाला एकट्याने संसार जमत नाही तो नाहीच. खराब झालेलं पीठ आईला पाठवतं का कोणी? पण वाया कशाला घालवायचं? चाळलं, ऊन दाखवलं.”

मी कसंबसं विचारलं, “आणि चाळणीत वर राहिलं ते?”

“ते काय, टाकलं झाडात.”

“कुठल्या झाडात?”

“त्या कोपऱ्यातल्या कुंडीत. अगं, अशी पांढरीफटक का पडलीस? चांगलं खत होईल त्याचं.”

अर्धाअंश, मी त्या कुंडीवर अक्षरशः झेप घेतली. अख्खी कुंडी जुन्या चादरीवर पालथी घातली, आणि गुडघे टेकून एकेक किडा मऊ ब्रशने उचलायला लागले. “अहो आई, हे त्याचे नर आहेत!” असं मी ओरडले. समोरच्या गॅलरीतले गृहस्थ कपडे वाळत घालत होते. ते चिमटा तोंडात धरून तसेच उभे राहिले. आईंच्या डोक्यात प्रकाश पडला तेव्हा त्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मग पट्टा गुडघ्याला बांधून त्या माझ्या शेजारी खाली बसल्या. दिसत काहीच नव्हतं. तरी, “हा बघ एक,” असं म्हणत मातीचे खडे माझ्या हातात देत होत्या. प्रत्येक खडा मी “हं, घेतला” म्हणून बाजूला ठेवत होते. करणार काय!

तुझ्या बरणीतले निम्मेशिम्मे सापडले. बाकीचे त्या कुंडीत किंवा जगात कुठेतरी सुखाने नांदत असतील. दुसऱ्या दिवशी सापडलेल्यांना भिंगाखाली घेतलं. नराच्या पुढच्या पायाला आतून तो बारीक केसाळ ठिपका असतो, तो प्रत्येकाचा तपासला. सगळे नर, आणि एक मादी. आता नर-मादी निवडताना तू चूक करशील यावर माझा विश्वास नाही. तुझ्याशी भांडणाऱ्या मलाही ते मान्य करावं लागेल. म्हणजे ती बाई आईंच्या स्वयंपाकघरातून त्याच चाळणीने आली. ज्या बाईंनी जन्मभर “माझ्या पिठात किडा? नाव काढू नकोस” असं सगळ्या बिल्डिंगला ऐकवलं, त्यांच्याच डब्यातून! मी अजून मूग गिळून बसले आहे. तूही बस.

आता तिसरी गोष्ट.

खोकं फेकायला काढलं तेव्हा तळाशी तुझी चिठ्ठी दिसली. तुझ्या त्या मुंगीच्या अक्षरात. ‘माझी एक बरणी पन्नाशीच्या वर, तुझ्याएवढाच वेळ ठेवून पाहिली. सगळे मेले. तुझी पद्धत चुकली नव्हती.’

मी गॅलरीत उभ्या उभ्या रडले. आई म्हणाल्या, “पुरे ग. पीठच ना, दुसरं दळून आणू.”

गेला महिनाभर रोज मला हेच खात होतं, की तुझे असते तर वाचले असते. टोक खिळ्याला राहिलं ही माझी चूक, ती कबूल. पण हळूहळू चढवलेले असते तर एखादा तरी उरला असता, एक बरणी तरी, हे मनातून जाईना. आपलं भांडण अखेर तू जिंकलास आणि मी ते माझ्याच हाताने जिंकून दिलं, असं वाटत होतं. आणि तू काय केलंस? सहा वर्षं ज्यांना अर्ध्या अंशाचाही त्रास होऊ दिला नाहीस, त्यातली एक बरणी घेतलीस आणि एकदम पन्नाशीच्या वर नेलीस. हे बघायला, की मी उगाच झुरते आहे की काय. आणि मग झुरू नये म्हणून कळवलंस.

हे शास्त्र म्हणून केलंस, असं उत्तर तू देशील. मी खोडून काढणार नाही. नमुना एकाच बरणीचा, तुलना नाही, निष्कर्ष घाईचा. असा प्रयोग आपल्या एखाद्या विद्यार्थ्याने केला असता तर तूच त्याला हाकलून दिला असतास. म्हणून मला कळतं ते काय होतं.

त्या बरणीबद्दल वाईट वाटतं. तुला नक्कीच जास्त वाटलं असेल.

नर आणि माद्या परवा एकत्र सोडल्या. बघू या.

तोफ



दि. २४ एप्रिल

प्रिय अर्धाअंश,

कसा आहेस? (बघ, असं विचारायचं असतं. दोन शब्द लागतात, कार्डात मावतात.)

आमच्याकडे सगळं ठीक. ‘ठीक’ हा शब्द तुझ्याकडून उसना घेतलाय. पण ठीक कसलं, आनंदीआनंद आहे! मागच्या पत्रानंतर मुद्दामच काही कळवलं नाही, कारण आधी फार वाईट चाललं होतं. तुझे नर पिठाच्या एका कडेला, माझ्या माद्या दुसऱ्या कडेला. दिवसच्या दिवस कोणी कोणाकडे वळूनही बघेना. मी बरणीपाशी बसून तुझ्या नरांना काय काय बोलले ते आता लिहीत नाही. “शिष्ट”, “घुमे” आणि “बापावर गेले आहेत”, एवढं सांगते. नवी मुलगी म्हणाली, “मॅडम, त्यांना वेळ द्या ना.” मी म्हटलं, “वेळ देऊनच तर ही वेळ आली आहे!” ती चहा आणायला गेली.

शेवटी मी बघायचंच सोडलं. आठवड्याने सहज म्हणून पीठ चाळलं, तर बारीक चाळणीवर पिठाने माखलेली अंडी. आणि त्यानंतरच्या आठवड्यात अळ्या! दोऱ्याच्या टोकाएवढ्या, पण वळवळ अशी की काय सांगू. माझा जीव भांड्यात पडला. मी आईंना फोन केला, “आई, झालं!” पलीकडून आवाज, “मुलगा की मुलगी?” मी म्हटलं, “अहो, शेकड्यांनी आहेत.” म्हणाल्या, “मग दोन्ही असतील. देव त्यांचं भलं करो.” आणि संध्याकाळी मी घरी पोचते तो नवं पीठ घेऊन हजर. “त्याचं वाळवलं होतं ना मी, त्याची भरपाई.” आधी स्वतः निरखून चाळलेलं. मी केंद्रात नेऊन ते पुन्हा चाळलं. चाळणीत काय सापडलं, ते आपल्या दोघांतच राहू दे.

गेल्या आठवड्यात कोष फुटून पहिली मोठी झालेली पोरं बाहेर पडली. अडतीस अंशांत छान हिंडताहेत. रंग तुझ्यांचा, पळापळ माझ्यांची. इतक्या लवकर काही सांगू नये, पण दोघांच्याही आधीच्या बरण्यांपेक्षा जरा जास्तच टिकतील असं मला वाटतंय. यावर तू ‘पुरेसा पुरावा नाही’ म्हणशील. नाहीच आहे. मला वाटतंय, एवढंच म्हटलं मी.

संचालक आढावा घ्यायला आले. मी भिंग त्यांच्या हातात दिलं. बराच वेळ बघत होते. “हे आधी वेगळे झाले होते म्हणता? आणि सत्तर पिढ्यांनी पुन्हा जमलं?” मी म्हटलं, “हो.” म्हणाले, “कमाल आहे. आमच्याकडे दोन विभाग एका मजल्यावर जमत नाहीत.” खुर्च्या जिन्याखाली गेल्या. खोली राहिली.

आता काम. पुढचं तापमान वाढवायचं आहे. तुला वाटत असेल, मी बटण एकदम चार अंशांनी फिरवून मोकळी झाले असेन. हात शिवशिवत होता, खोटं कशाला बोलू? पण मी अर्धाच अंश वाढवला. हो, मीच. वायरचं टोक आत आहे ना, हे तीनदा बघितलं आणि मग खुर्चीवर हात बांधून बसले. फार कंटाळवाणी पद्धत आहे तुझी. नुसतं बसायचं, आणि काही होत नाहीसं वाटत असताना होत असतं. एवढी वर्षं तू हे कसं केलंस रे?

नव्या बरण्यांना अजून नाव नाही. माझ्यांना मी ‘एकदम’ म्हणत होते, तुझ्यांना ‘हळूहळू’. या पोरांना काय म्हणायचं? पट्ट्या कोऱ्या चिकटवून ठेवल्या आहेत. त्यांवर तुझं मुंगीचं अक्षर मावेल, माझं मावत नाही.

तुझ्या परवाच्या कार्डात शेवटची ओळ होती: ‘एकदा येऊन बरण्या बघाव्यात असं वाटतं. पाहू.’ त्या ‘पाहू’वर मी आधी भयंकर चिडले. कार्ड टेबलावर आपटलं. पाहू म्हणजे काय? यायचं तर ये, नाही तर नाही म्हण! हाच तुझा ‘पाहू’ तेव्हाही होता. आधी दुसऱ्या केंद्रात जागा निघाली आहे म्हणालास. पंधरा दिवसांनी अर्ज करून पाहू म्हणालास. मग बोलावणं आलंय, पाहू. तेही सगळं आईंना; मला कळलं ते त्यांच्याकडून. मी कडाडले, “जायचंय तर आजच्या आज जा!” आणि तू बॅग भरलीस. मला वाटलं होतं, तू दारात थांबशील, नेहमीसारखा पाहू म्हणशील, आठवडाभर घोळ घालशील आणि तेवढ्यात माझा राग उतरेल. आयुष्यात एकच गोष्ट तू एकदम केलीस, ती म्हणजे गेलास. मला एकदम झालेलं सगळं सोसतं असा माझा समज होता. ते नाही सोसलं. सहा वर्षं झाली, अजून नाही सोसलेलं. हेच मला पहिल्या पत्रापासून लिहायचं होतं आणि मी नर मागत बसले.

म्हणून कार्ड पुन्हा उचललं आणि नीट वाचलं. ‘असं वाटतं.’ तुझ्या हातून हे शब्द उतरले म्हणजे फार झालं. ‘पाहू’ हा तुझा अर्धा अंश आहे, एवढं आता मला कळतं.

आईंना अजून काही सांगितलेलं नाही. तरी काही दिवसांपासून त्या गॅलरीतली ती कुंडी रोज पुसताहेत आणि “सोफ्याची खोळ धुऊन टाक ग, उगाच आपली” म्हणताहेत. मी विचारलं, “तुम्हाला कोणी काही बोललं का?” म्हणाल्या, “मला कोण काय बोलणार? मला एका डोळ्याने पुरेसं दिसतं.”

तर ऐक. या वेळी मी तोफ डागणार नाही. आज ये, उद्या ये, असं काही म्हणणार नाही. आधी एक दिवस बरण्या बघायला ये आणि संध्याकाळच्या गाडीने परत जा. मग पुढच्या खेपेला दोन दिवस ये, आईंच्या दुसऱ्या डोळ्याचं निमित्त आहेच. मध्ये हवा तेवढा विसावा घे. मी बटणाला हात लावणार नाही. खुर्चीवर हात बांधून बसेन.

गेलास एकदम. येताना तुझ्या पद्धतीने ये, अर्ध्या अर्ध्या अंशाने. पण ये.

सप्रेम (हा शब्द छापील नाही),

तुझी तोफ